नासरेथच्या घरातील माणसे

बांद्र्याच्या टेकडीवरील मोतमावलीची जत्रा मुंबईकराला नव्याने सांगावयास नको. ८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरीयेचा, जन्मदिवस मानतात आणि त्यापुढच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर माणसांची रीघ लागते. ख्रिस्ती येतात, तसे हिंदूही पुष्कळ येतात. वाटेवर मेणाच्या वस्तूंची दुकाने असतात. हात दुखत असेल त्याने मेणाचा हात घ्यावा, पाय दुखत असेल त्याने पाय, घर हवे असेल त्याने घर. मूल हवे असेल तिने मेणाचे बाळ घ्यावे आणि वर जाऊन मावलीच्या पायाशी वाहावे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्या वेळी सहा वर्षे झाली होती, म्हणून आई मला घेऊन तेथे गेली. दुकानात बसलेल्या बाईने चारपाच बाळे पुढे केली. आईने त्यांतले एक उचलले, भाजी निवडावी तसे उलटेपालटे करून पाहिले आणि सहज विचारले, "हिला स्वतःला मुलं किती गं बाई?"

"एकच, आजी. येशू."

"एकच? साऱ्या जगाच्या बायका हिच्याकडं मुलं मागायला येतात, आणि हिला एकच?"

"ती शेवटपर्यंत कुमारीच राहिली ना, आजी," बाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आई काही बोलली नाही. नवस बोलून, मेणबत्ती लावून आम्ही उतरू लागलो तेव्हा मध्येच थांबून तिने मला विचारले, "नवरा होता ना रे तिला?"

"होता. सुतार होता."

"मग?"

त्या 'मग?'ने मला पुढे पुष्कळ वाचावयास लावले. आमच्या शाळेत वसईकडचे एक कॅथलिक शिक्षक आहेत; सज्जन आणि वाचणारे गृहस्थ. त्यांना मी दुसऱ्याच दिवशी विचारले. ते म्हणाले, "सर, तुम्ही बायबलमधल्या त्या भावांबद्दल विचारणार, हे मला ठाऊक आहे. ते चुलत-मावस भाऊ. आपण मराठीतसुद्धा चुलतभावाला भाऊच म्हणतो की नाही?"

उत्तर इतके घरगुती होते की क्षणभर मला पटले. पण तोवर येशूला भाऊ होते असे बायबलात लिहिले आहे, हे मला माहीतच नव्हते! शिक्षकांनी खुलासा केला तो मी न विचारलेल्या गोष्टीचा. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारण्याआधीच तयार असते, तो प्रश्न पुष्कळांनी पुष्कळदा विचारलेला असतो, एवढे मास्तरकीच्या धंद्यात मला कळू लागले आहे.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी कॉलेजचा उंबरठा ओलांडलेला नाही. ग्रीक आणि हिब्रू मला येत नाही. त्या भाषांविषयी पुढे जे म्हणतो ते जाणत्यांच्या आधाराने म्हणतो. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. कोणत्याही गोष्टीत घर आले की त्या घरात माणसे किती, मिळवते कोण, रांधते कोण, हे तो मोजू लागतो. शुभवर्तमाने मी त्या खोडीने वाचली.

त्यांत काय आहे? मार्काच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथला, येतो आणि शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात बोलू लागतो. गावकऱ्यांना ते खपत नाही. हा तर इथलाच सुतार, मरीयेचा मुलगा, अशी कुजबुज सुरू होते. मग याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन या त्याच्या चार भावांची नावे घेतली जातात, आणि त्याच्या बहिणीही आपल्यातच आहेत, असे म्हटले जाते. मत्तयाने हीच गोष्ट तेराव्या अध्यायात सांगितली आहे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूची आई आणि भाऊ तो बोलत असलेल्या घरापाशी येऊन बाहेर उभे राहतात आणि त्याला बोलावणे पाठवितात. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात काना येथील लग्नानंतर तो आई, भाऊ आणि शिष्य यांच्यासह कफर्णहूमला जातो. त्याच योहानाच्या सातव्या अध्यायात त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे स्पष्ट लिहिले आहे. येशूच्या मृत्यूनंतर मात्र हेच भाऊ मरीयेबरोबर प्रार्थनेत बसलेले दिसतात. ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. आणि पौल गलतीकरांस लिहिताना सांगतो की, मी यरुशलेमेला गेलो तेव्हा प्रभूचा भाऊ याकोब मला भेटला. ही ऐकीव गोष्ट नव्हे. पौलाने त्या माणसाला डोळ्यांनी पाहिले होते.

आता या विरुद्ध कॅथलिक चर्चची शिकवण. मरीया येशूच्या जन्मापूर्वी कुमारी होती, जन्मकाळी कुमारी होती आणि जन्मानंतरही आमरण कुमारीच राहिली. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने तिला 'सदाकुमारी' म्हटले. ६४९ च्या लॅटेरन परिषदेने या सिद्धांतास स्पष्ट शब्द दिले. आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, भावांचे हे उल्लेख मरीयेच्या इतर मुलांविषयी नाहीत असेच चर्चने नेहमी मानले आहे, असे पुन्हा सांगितले आहे. यात मतांतराला जागा नाही.

येशूचा कुमारीजन्म हा माझ्या लेखाचा विषय नाही. मत्तय आणि लूक या दोघांनी तो लिहिला आहे. मानावयाचा तो मानो. माझा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे. ज्या घरात पुढे निदान सहा-सात मुले वावरताना ग्रंथ दाखवितो, ते घर रिकामे कोणी केले, आणि का?

त्या चुलतभावाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो आपल्या भाषेचाच मुद्दा आहे. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळताना आपल्या बायका चुलत, मावस, मामे, आते असा भेद करीत नाहीत हे खरे. आमच्या घरी तर आत्याच्या दिराचा मुलगाही 'भाऊ' म्हणून पाटावर बसतो आणि ओवाळणी बुडवून जातो! हिब्रू आणि अरामी भाषांतही असाच विस्तार होता. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम आपला पुतण्या लोट याला भाऊ म्हणतो. तेव्हा कॅथलिक पंडितांचे म्हणणे मुळात खोटे नाही.

परंतु शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे हिब्रूत लिहिलेली नाहीत. ती ग्रीकमध्ये लिहिली आहेत, आणि ग्रीकमध्ये चुलत-मावस भावाला स्वतंत्र शब्द आहे: अनेप्सिओस. तो शब्द नव्या करारात आलेलाही आहे. पौलाच्या नावाने असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात मार्क हा बर्णबाचा कोण हे सांगताना हाच शब्द वापरला आहे. म्हणजे शब्द होता, माहीत होता, आणि जेथे हवा होता तेथे वापरला गेला. येशूच्या भावांपाशी मात्र तो एकदाही येत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नातलगांना 'भाऊ' म्हटले आहे हा दाखला देतात; पण ते हिब्रूचे शब्दाला शब्द भाषांतर होते. पौल काही भाषांतर करीत बसला नव्हता. तो पत्र लिहीत होता.

याहून बोलका पुरावा दुसऱ्या शतकातील हेगेसिपस या ख्रिस्ती लेखकाचा आहे. त्याचे ग्रंथ नष्ट झाले. त्यांतले उतारे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवले. हेगेसिपस याकोबाला प्रभूचा भाऊ म्हणतो. याकोबामागून यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झालेला शिमोन हा योसेफाचा भाऊ क्लोपा याचा मुलगा, असेही तो सांगतो; आणि या शिमोनासाठी मात्र तो अनेप्सिओस, म्हणजे चुलतभाऊ, हा शब्द योजतो. एकाच लेखकाने एकाच कुटुंबातील दोघांना दोन निराळे शब्द लावले. आपण नाही का 'हा माझा भाऊ, आणि हा चुलतभाऊ' अशी ओळख करून देत? तेथे दोघांना एकच समजणारा पाहुणा विरळा.

आणि शब्द सोडा, प्रसंग पाहा. कोकणातल्या एखाद्या वाडीत मुंबईहून परतलेला मुलगा देवळात मोठ्या गोष्टी बोलू लागला, तर माणसे काय म्हणतील? हा अमक्या सुताराचा पोर, याची आई ती, भाऊ ते, बहिणी इथेच दिलेल्या. ही घराची मोजदाद असते. आई सख्खी मोजून भाऊ मात्र मावशीचे मोजावयाचे, अशी मोजदाद कोणत्याही गावात होत नाही.

संत जेरोमचा युक्तिवाद असा की हे याकोब आणि योसे दुसऱ्या एका मरीयेचे मुलगे होते, कारण मार्काच्या पंधराव्या अध्यायात दुरून पाहत असलेल्या स्त्रियांत 'धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरीया' अशी एक बाई आहे. आणि ती येशूच्या आईची बहीण होती. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींची नावे एकच! नावाच्या साम्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. त्या काळी पॅलेस्टाइनमध्ये मरीया, याकोब, शिमोन, यहूदा ही नावे आपल्याकडील बाळू-पांडूइतकी सर्रास होती. बारा शिष्यांतच दोन याकोब, दोन शिमोन आणि दोन यहूदा आहेत. बरे, हे भाऊ त्या दुसऱ्या मरीयेचे मानले, तर ते प्रत्येक वेळी या मरीयेच्या मागे का हिंडतात? स्वतःची आई जिवंत असताना हे जाणते मुलगे मावशीला घेऊन कफर्णहूमला जातात, मावशीबरोबर दाराबाहेर ताटकळतात, मावशीबरोबर प्रार्थनेला बसतात. आपल्या आईबरोबर एकदाही नाही. जेरोम तर त्यांतल्या याकोबाला बारा शिष्यांपैकी एक ठरवितो. मग योहान म्हणतो त्या अविश्वासी भावांचे काय करावयाचे? आणि कृत्यांच्या पुस्तकात आधी शिष्यांची यादी देऊन, त्यानंतर मरीया आणि येशूचे भाऊ असा वेगळा उल्लेख कशासाठी केला?

काही मुद्दे मी कॅथलिकांना मोकळेपणाने देऊन टाकतो. मत्तय म्हणतो की मुलगा होईपर्यंत योसेफाने मरीयेशी संग केला नाही. या 'पर्यंत'वर प्रॉटेस्टंट मंडळी फार उड्या मारतात. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात शौलाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही असे लिहिले आहे, आणि मेल्यावर झाले असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. लूक येशूला मरीयेचा प्रथमपुत्र म्हणतो, यावरूनही काही सिद्ध होत नाही. मोशेच्या नियमाप्रमाणे पहिला मुलगा जन्मताच 'प्रथमपुत्र' होतो, मागून कोणी येवो वा न येवो. इजिप्तमध्ये सापडलेल्या एका ज्यू स्त्रीच्या थडग्यावर, ती प्रथमपुत्राला जन्म देताना वारली असे कोरलेले आहे. तिला दुसरे मूल कोठून होणार? उलट बाजूला, क्रुसावरून येशूने आईला एका शिष्याच्या हवाली केले, तेव्हा सख्खे भाऊ नसलेच पाहिजेत, हा कॅथलिकांचा लाडका मुद्दा. ज्यांनी हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांच्या हाती त्या घटकेला त्याने आई दिली नाही, यात नवल ते काय? आपल्याकडे सख्खे भाऊ असताना म्हाताऱ्या आईला मानलेल्या मुलाने सांभाळल्याची उदाहरणे वाचकांना शोधावी लागणार नाहीत.

मग ही शिकवण आली कोठून? दुसऱ्या शतकात 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' नावाचे एक पुस्तक निघाले. त्यात मरीयेच्या आईबापांची नावे आहेत, तिच्या जन्माची कथा आहे, ती लहानपणी मंदिरात वाढल्याची कथा आहे. योसेफ त्यात म्हातारा विधुर आहे आणि त्याला आधीच्या बायकोपासून मुलगे आहेत. येशूचे भाऊ ते हेच, असे पूर्वेकडील चर्चे आजही मानतात. पश्चिमेकडील चर्चने हे पुस्तक त्याज्य ग्रंथांच्या यादीत टाकले; खुद्द जेरोमला त्यातल्या सावत्र भावांचा तिटकारा होता. आणि तरीही मरीयेचे आईबाप योआखिम आणि अन्ना यांचा सण २६ जुलैला साजरा होतो, तिला मंदिरात अर्पण केल्याचा सण २१ नोव्हेंबरला. ही नावे आणि ही कथा बायबलात शोधून सापडणार नाहीत. बांद्र्याच्या जत्रेला निमित्त होणाऱ्या जन्माचीही बायबलात एक ओळ नाही. पुस्तक बाहेर फेकले, आणि त्यातली चित्रे फाडून भिंतीला लावली! योसेफ म्हातारा होता किंवा विधुर होता, हे तरी कोणत्या शुभवर्तमानात आहे? इजिप्तला पळून जाताना तो बाळ आणि बाळाची आई एवढ्यांनाच घेऊन निघतो. ते चारपाच सावत्र मुलगे त्या रात्री कोणाच्या ओसरीवर होते?

इ. स. ३८३ च्या सुमारास रोममध्ये हेल्विडियस नावाच्या गृहस्थाने एक पुस्तक लिहिले. मरीयेला येशूनंतर योसेफापासून मुले झाली, आणि त्यामुळे तिची थोरवी तसूभरही कमी होत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याचे पुस्तक आज उरलेले नाही. उरले आहे ते जेरोमने त्याला दिलेले उत्तर. वादात हरलेल्याचे म्हणणे जिंकलेल्याच्या तोंडून ऐकावे लागते, तसे हेल्विडियसचे झाले. त्याने टर्टुलियन या जुन्या लेखकाचा आधार दिला होता, तर जेरोमने टर्टुलियन चर्चचा माणूसच नव्हता म्हणून तो उडवून लावला.

जेरोमच्या त्या उत्तरातील एक भाग दिवाळी अंकाच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. संसारी बाईचे घर कसे असते याचे तो वर्णन करतो. मुले गळ्यात पडताहेत, स्वयंपाकघरात गडबड, हिशेब चालले आहेत, तेवढ्यात धनी मित्रांना घेऊन आले अशी वर्दी येते. मग बाई घरभर भिरभिरते, झाडले का, मांडले का, जेवण झाले का. आणि तो विचारतो की या सगळ्यात देवाचा विचार करावयास जागा आहे कोठे? वर्णन इतके हुबेहूब आहे की वसुबारसेच्या दिवशी आमच्या घरी चकल्यांच्या घाण्यापाशी बसून जेरोमने ते लिहिले असावे! पण निष्कर्ष पाहा. याच घरगुती धबडग्यात महाराष्ट्राने देवाला जनाबाईच्या जात्याला हात लावावयास बसविले. जेरोमचा देव मात्र दळणाचा आवाज ऐकला की उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

येथे खरी गोम आहे. मरीयेला आणखी मुले नव्हती हे ग्रंथावरून निघाले नाही. कौमार्य श्रेष्ठ आणि संसार कनिष्ठ, हे आधी ठरले. मग सर्वश्रेष्ठ स्त्रीला संसार असणेच अशक्य झाले. आणि मग ग्रंथातले भाऊ चुलत करावे लागले. जेरोमने विवाहाची स्तुतीही केली आहे, पण कारण काय, तर विवाहातून नव्या कुमारिका जन्माला येतात म्हणून. तेवढ्याने भागले नाही म्हणून त्याने योसेफालाही आजन्म ब्रह्मचारी ठरविले. त्याच सुमारास जोव्हिनियन नावाच्या संन्याशाने विवाहित स्त्री आणि कुमारिका यांची योग्यता देवापुढे सारखीच, असे म्हणण्याचे धैर्य केले. स्वतः अविवाहित असून केले. पोप सिरिसियस आणि मिलानचा बिशप अँब्रोज यांनी त्याला पाखंडी ठरवून बाहेर घातले. आणि हे केवळ जुन्या काळचे खूळ म्हणावे, तर १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, कौमार्यापेक्षा विवाहाची अवस्था वरची मानील किंवा कौमार्य अधिक चांगले नव्हे असे म्हणेल, त्याला शाप उच्चारला. तो शाप कोणावर, असे मी विचारतो. मेणाचे बाळ घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईला ती जे मागते आहे ते दुय्यम प्रतीचे आहे, असे तिच्या तोंडावर कोणी सांगत नाही. पायथ्याशी तिला बाळ विकतात आणि ग्रंथात तिच्या वरचे आसन दुसरीला देतात.

आमचे वसईकर शिक्षक हे ऐकून रागावले नाहीत. ते म्हणाले, "सर, तुम्ही प्रॉटेस्टंटासारखं बोलता. आमचं चर्च नुसत्या पुस्तकावर उभं नाही. पुस्तक आणि परंपरा, दोन्ही मिळून." हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच सांगितले, की प्रकट झालेल्या सर्व गोष्टींविषयी चर्चला वाटणारी खात्री केवळ शास्त्रग्रंथातून येत नाही. आणि प्रॉटेस्टंटांनीही फार शेखी मिरवू नये. खुद्द लूथर आणि झ्विंगली मरीयेचे आजन्म कौमार्य मानीत होते, आणि कॅल्विनने हेल्विडियसलाच अडाणी ठरविले.

पण मग मी शिक्षकांना म्हणालो, "सर, परंपरेवर उभे राहा ना! आमची परंपरा असे सांगते, ग्रंथ वेगळे सांगतो असे वाटते, आम्ही परंपरा धरतो, असे म्हणा. मी टोपी काढीन. पण तुम्ही परंपरा धरता, आणि वर ग्रंथाच्या तोंडी तिचीच साक्ष घालता. साक्षीदाराला पढवून उभे करावयाचे, आणि त्याने पढविलेले बोलले की न्याय झाला म्हणावयाचे!" यावर ते हसले आणि त्यांनीच मला एक नाव सांगितले. जॉन मायर हे अमेरिकेतील कॅथलिक धर्मगुरू आणि बायबलचे मोठे अभ्यासक. 'अ मार्जिनल ज्यू' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९९१ साली निघाला. श्रद्धा बाजूला ठेवून केवळ भाषा आणि इतिहास यांच्या दृष्टीने पाहिले, तर हे सख्खे भाऊ-बहिणी असावेत हेच मत सर्वांत संभाव्य ठरते, असा निष्कर्ष त्यांनी त्यात काढला आहे. धर्मगुरूचा झगा न उतरविता त्यांनी तो काढला. असा प्रामाणिकपणा कॅथलिक घरातच दिसल्यावर माझा निम्मा राग गेला, हे कबूल करतो.

उरलेला निम्मा राग पेत्राच्या बायकोसाठी. पेत्र म्हणजे कॅथलिकांच्या मते पहिला पोप. मार्काच्या पहिल्याच अध्यायात त्याची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली आहे. येशू तिचा हात धरून उठवितो, ताप जातो, आणि म्हातारी लगेच उठून सर्वांची सेवा करू लागते. सासू आहे म्हणजे बायको होती. ती तेव्हाच वारली होती असे काहींचे म्हणणे. पण पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा, म्हणजे पेत्रच, बायकोला बरोबर घेऊन प्रवास करतात असे बजावून सांगतो. तिमथ्याच्या पहिल्या पत्रात बिशप कसा असावा याची यादी आहे, तीत तो एका बायकोचा नवरा असावा असे आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तर पेत्राला मुले होती असे सांगतो, आणि त्याची बायको धर्मासाठी मरावयास नेली जात असता पेत्राने तिला हाक मारून धीर दिला, अशी कथाही देतो. इतकी मोठी बाई, आणि तिचे नाव कोणाला ठाऊक नाही! १९६९ पूर्वीचे आणि नंतरचे संतांचे पंचांग चाळा. सासू नाही, बायको नाही. पुरोहितांचे ब्रह्मचर्य हा श्रद्धेचा सिद्धांत नसून शिस्तीचा नियम आहे, हे चर्च स्वतःच सांगते. पूर्वेकडील कॅथलिक शाखांत विवाहित पुरोहित आजही असतात. पश्चिमेत ११३९ च्या लॅटेरन परिषदेने पुरोहितांची लग्ने रद्दबातल ठरविली. नियम करावयाचा तो करा. पण ज्याच्या गादीवर बसून नियम करता, त्याच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला तरी कोपऱ्यात ढकलू नका.

आपणही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. तुकोबाची आवली आपल्याला कजाग म्हणूनच आठवते. दुष्काळात पोरांच्या तोंडी घास कोणी घातला, हे कीर्तनात कोणी विचारीत नाही. तिला आपण खलनायिका केली. पण निदान घरातून नाहीशी तरी केली नाही.

नासरेथच्या त्या घरातल्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र वाचण्यासारखे आहे. याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. इ. स. ६२ मध्ये त्याला दगडमार करून मारले. ख्रिस्ती नसलेला ज्यू इतिहासकार जोसेफस ही नोंद करतो, आणि 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' अशीच त्याची ओळख देतो. यहूदाचे दोन नातू डोमिशियन बादशहापुढे उभे केले गेल्याची हकीकत हेगेसिपसने लिहिली आहे. दावीद राजाचे वंशज, तेव्हा बंड करतील असा संशय. बादशहाने विचारले, तुमची मालमत्ता किती? दोघांची मिळून एकोणचाळीस प्लेथ्रे जमीन, किंमत नऊ हजार दिनार. तीच कसून पोट भरतो आणि सारा देतो, असे ते म्हणाले, आणि त्यांनी आपले घट्टे पडलेले हात पुढे केले. ते हात पाहून बादशहाने त्यांना सोडून दिले. मरीयेचे पणतू असतील तर ते हेच.

एवढे सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी आईला मार्काचा तो सहावा अध्याय मराठीत वाचून दाखविला. ती तांदूळ निवडीत होती. चार भावांची नावे आली तशी ती ऐकत राहिली. बहिणींचा उल्लेख आला तेव्हा तिने हात थांबविला.

"पोरींची नावं काय?"

"दिली नाहीत. भावांची चारही दिली आहेत. बहिणींचं एकही नाही."

"आणि लोक काय म्हणाले? पुन्हा वाच."

"त्या इथं आपल्यातच आहेत, म्हणाले."

आईने सूप पुढे ओढले. "म्हणजे गावातच दिल्या होत्या," ती म्हणाली.